एका लिटर पेट्रोलचा हिशेब

मोटार सरकारी असो, पंचायत समितीची असो वा खाजगी मालकीची. तिच्याविषयी पहिला प्रश्न विचारला जातो तो अ‍ॅव्हरेजचा. एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर धावते हे कळले, की तिची परीक्षा पुरी झाली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कार्यालयाच्या लॉगबुकात हा आकडा नियमाने नोंदवला जातो, त्यावर सही होते, आणि तो कमी भरला तर चालकाकडे संशयाने पाहिले जाते. परंतु हा आकडा मुळात कशावर अवलंबून असतो, टाकीत भरलेल्या इंधनापैकी कितीसे खरोखर चाके फिरवण्याच्या कामी येते, आणि सुधारणेला वाव आहे तो एंजिनाच्या रचनेत की ते वापरणाऱ्याच्या सवयीत, या प्रश्नांचा विचार क्वचितच होतो. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणावे लागते. ते पुरेपूर उपयोगात आणायचे, तर ते वाया कोठे जाते हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

एक लिटर पेट्रोल जळाले, की सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता निर्माण होते. विजेच्या भाषेत सांगायचे तर ही जवळजवळ ९ युनिटे झाली. ७५ वॅटचा एक पंखा एवढ्या ऊर्जेवर पाच दिवस आणि पाच रात्री अखंड फिरेल. तेच लिटर लहान मोटारीत घातले, तर शहरातील गर्दीत ती पंधराएक किलोमीटर जाते, आणि या ९ युनिटांपैकी चाकांपर्यंत पोचतात ती जेमतेम दीड ते दोन. उरलेल्यांपैकी मोठा वाटा एक्झॉस्टच्या नळीतून गरम वायूंबरोबर निघून जातो, जवळपास तेवढाच रेडिएटरवाटे हवेत मिसळतो, काही भाग एंजिनाच्या आतील घर्षणात खर्ची पडतो, आणि काही गाडी सिग्नलला उभी असताना नुसताच जळतो. रुपयातले ऐंशी पैसे असे वाटेतच सांडतात, आणि तरीही गाडी 'चांगले अ‍ॅव्हरेज देते' म्हणून तिचे कौतुक होते.

उष्णतेतून गती

यातील काही नुकसान टळण्यासारखे नाही. उष्णतेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राच्या कार्यक्षमतेला तापमानांतील फरकाने घातलेली मर्यादा असते, हे सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ सालीच दाखवून दिले. पुढे अर्धशतकाने, १८७६ मध्ये, निकोलाऊस ओटो या जर्मन संशोधकाने चार टप्प्यांत काम करणारे, म्हणजे आजच्या बोलीतले 'फोर स्ट्रोक', एंजिन तयार केले. हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढून घेणे, दट्ट्याने ते दाबणे, ठिणगीने पेटवून दट्ट्या खाली ढकलणे आणि जळालेले वायू बाहेर टाकणे, हे ते चार टप्पे होत. चारांपैकी एकच टप्पा काम देतो. उरलेले तीन त्याच्या जिवावर चालतात. आजचे पेट्रोल-एंजिन कितीही आधुनिक दिसले, तरी त्याचा गाभा हाच आहे.

या चारांत कार्यक्षमतेच्या दृष्टीने दुसरा टप्पा कळीचा ठरतो. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितका ज्वलनानंतर वायूंना प्रसरण पावण्यास अधिक वाव मिळतो. आणि प्रसरण जितके अधिक, तितकी उष्णतेतून अधिक गती काढून घेता येते. मिश्रण मूळ आकारमानाच्या कितव्या हिश्शापर्यंत दाबले जाते, त्याला संपीडन गुणोत्तर म्हणतात. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात मांडता येईल असे याचे गणित आहे. आदर्श एंजिनात हे गुणोत्तर ८ असेल तर सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे ५६ टक्के येते, १० असेल तर ६० टक्के आणि १२ असेल तर ६३ टक्के. प्रत्यक्षातील एंजिन यापेक्षा पुष्कळच मागे राहते, परंतु दिशा हीच असते. प्रत्येक पायरीला लाभ कमी कमी होत जातो, हेही या आकड्यांवरून ध्यानात यावे.

मग गुणोत्तर वाढवत का नेले नाही? कारण मिश्रण फार दाबले, की ते ठिणगीची वाट न पाहता सिलिंडरच्या कोपऱ्यात आपोआप पेट घेते. एंजिन खडखडू लागते. मिस्त्री त्याला 'नॉकिंग' म्हणतात. असे एंजिन फार काळ चालवले, तर दट्ट्यालाच भोक पडण्याची वेळ येते. पेट्रोलची या खडखडाटाला दाद न देण्याची ताकद म्हणजेच त्याचे ऑक्टेन मूल्य. एंजिनाची कार्यक्षमता अशा रीतीने प्रथमपासून इंधनाच्या गुणाशी बांधली गेली आहे.

या अडचणीवर विसाव्या शतकात जो तोडगा निघाला, त्याची हकीकत विसरता कामा नये. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की शिशाचे एक संयुग अत्यल्प प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले असता खडखड थांबते. संयुग स्वस्त होते. अधिक संपीडनाची एंजिने त्यामुळे शक्य झाली. शिसे विषारी असते हे त्या वेळी अज्ञात नव्हते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील एका कारखान्यात हे संयुग तयार करणारे कामगार विषबाधेने दगावले, तरीही त्याचा वापर जगभर पसरला, आणि पुढे अनेक दशके वाहनांच्या धुरातून शिसे शहरांच्या हवेत आणि मुलांच्या रक्तात मिसळत राहिले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री थांबायला २०२१ साल उजाडावे लागले. कार्यक्षमतेची काही टक्के वाढ कोणत्या किमतीला विकत घेतली जाते, हा प्रश्न अभियंत्यांच्या मेजावर उशिरा आला, असेच म्हणावे लागेल.

डिझेल-एंजिनाची वाट निराळी. रुडॉल्फ डिझेलच्या एंजिनाची १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा त्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास भरली. त्या काळच्या बहुतेक वाफेच्या एंजिनांना याच्या निम्मी मजलही गाठता येत नसे. या एंजिनात नुसती हवाच दाबली जाते आणि इंधन मागाहून फवारले जाते. साहजिकच तेथे अकाली पेट घेण्याचे भय नसते, आणि संपीडन गुणोत्तर सोळा, अठरा असे ठेवता येते. ट्रक, बस आणि ट्रॅक्टर यांनी डिझेलची कास धरली ती यामुळेच.

अर्धवट मिटलेली झडप

येथवर जे सांगितले ते एंजिन पुऱ्या ताकदीने काम करीत असताना लागू पडते. मोटारीचे एंजिन मात्र तसे काम फारच थोडा वेळ करते. सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरच्या संथ वेगाने जाताना एका लहान मोटारीला पाचसहा अश्वशक्ती पुरतात. एंजिन असते साठ-सत्तर अश्वशक्तीचे. एवढी ताकद लागते ती घाट चढताना, ओव्हरटेक करताना किंवा वेग झटकन वाढवताना. बाकीचा सारा काळ हा गडी दहाव्या हिश्श्याच्या कामावर असतो, आणि जेवण मात्र त्या मानाने कमी करीत नाही.

याचे कारण पेट्रोल-एंजिनाचा वेग आवरण्याच्या पद्धतीत आहे. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की हवा आत जाण्याच्या वाटेवरील थ्रॉटल झडप मिटत जाते. एंजिनाला थोडेच मिश्रण मिळावे म्हणून त्याचा जणू गळा आवळला जातो. दट्ट्याला तरीही प्रत्येक फेरीत हवा ओढावीच लागते, आणि ती अरुंद फटीतून ओढण्यासाठी त्याला जोर करावा लागतो. सुई नसलेली इंजेक्शनची पिचकारी घ्यावी, तिच्या तोंडावर बोट दाबावे आणि दट्ट्या मागे ओढून पाहावा. हाताला जो ताण जाणवतो, तोच ताण मंद चालणारे एंजिन मिनिटाला शेकडो वेळा सोसत असते. नुसते चालू ठेवलेल्या पेट्रोल-एंजिनाच्या हवानलिकेतील दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांशावर आलेला असतो. आतील घर्षण, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, अल्टर्नेटर या सर्वांची मागणी काम कमी झाले म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून सर्वोत्तम स्थितीत ३५ टक्के कार्यक्षमता दाखवणारे एंजिन शहराच्या रहदारीत त्याच्या निम्म्यावर येते, आणि सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत ती शून्य होते.

एंजिनाची शिखरावरची कार्यक्षमता आणि त्याची रोजच्या वापरातील कार्यक्षमता यांतील हे अंतर हाच अ‍ॅव्हरेजच्या प्रश्नाचा खरा गाभा होय. गेल्या पन्नास वर्षांत अभियंत्यांनी जे श्रम घेतले त्यांतील मोठा भाग हे अंतर तोडण्यासाठी होता. आणि चालकाच्या हाती जे आहे, तेही बहुतांशी हे अंतर कमी करणे हेच आहे.

कार्बोरेटर गेला, त्यानंतर

या श्रमांना निकड आली ती ऑक्टोबर १९७३ नंतर. अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव पिंपाला सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून मोटार कंपन्यांवर सरासरी इंधनखर्चाची मर्यादा घातली. भारतात मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली तेल सापडले हा दिलासा होता. तरीही आयातीचे ओझे ओळखून १९७८ मध्ये पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना स्थापन करण्यात आली, आणि इंधनाची बचत हा सरकारी धोरणाचा भाग बनला. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिने जुन्या अवजड गाड्यांपेक्षा कमी पेट्रोल खाल्ले, त्यात जादू नव्हती. ७९६ घनसेंटिमीटरच्या लहान एंजिनाला साडेसहाशे किलोच्या आसपासची हलकी गाडी ओढायची होती. म्हणजे एंजिन आपल्या ताकदीच्या अधिक जवळ राहून काम करीत होते.

दुसरा मोठा बदल इंधन मोजून देण्याच्या पद्धतीत झाला. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. कार्बोरेटर हे प्रमाण अंदाजाने सांभाळी. थंडीत, चढावर, गाडी जुनी झाल्यावर तो अंदाज चुके, आणि चूक बहुधा जास्त पेट्रोल देण्याच्या बाजूची असे. काळा धूर सोडणारी टॅक्सी हे त्याचेच दृश्य रूप होते. २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, आणि भारतातील नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार होऊन त्याच्या जागी संगणकाच्या हुकमाने इंधन फवारणारी यंत्रणा आली. एक्झॉस्टमध्ये बसवलेला ऑक्सिजन संवेदक मिश्रणाची सतत चाचणी घेतो आणि संगणक त्यानुसार दुरुस्ती करतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या नियमांनंतर ही देखरेख अधिकच काटेकोर झाली आहे. हा छोटासा संवेदक बिघडला, तर मात्र इंधनखर्च लक्षणीय वाढतो. तेव्हा डॅशबोर्डवरील एंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला असता 'गाडी चालते आहे ना' म्हणून त्याकडे काणाडोळा करणे महागात पडते.

झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ वेगानुसार बदलणे, टर्बोचार्जरच्या साहाय्याने लहान एंजिनाकडून मोठ्याचे काम घेणे, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणे या सुधारणा पाठोपाठ आल्या. माझ्दा कंपनीने २०११ मध्ये १४ संपीडन गुणोत्तराचे पेट्रोल-एंजिन बाजारात आणले. जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८२ मध्ये सुचवलेली, दाबण्याच्या टप्प्यापेक्षा प्रसरणाचा टप्पा लांब ठेवण्याची कल्पना शंभर वर्षे जवळजवळ अडगळीत पडली होती. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियस या संकरित मोटारीने ती पुन्हा कामाला लावली. अशा मोटारीत एंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते. काम अगदीच थोडे असेल तेव्हा एंजिन बंद राहते आणि मोटर गाडी हाकते. ब्रेक लावताना वाया जाणारी गती विजेच्या रूपाने बॅटरीत परत येते. त्यामुळे एंजिनावर त्याच्या नावडत्या मंद कामाची पाळी क्वचितच येते. या मालिकेतील पुढच्या एंजिनांनी सर्वोत्तम स्थितीत ४० टक्के कार्यक्षमता गाठली आहे.

असे असूनही पंपावरचे बिल त्या प्रमाणात उतरलेले दिसत नाही. एंजिनाने कमावलेले बरेचसे गाडीच्या वाढत्या वजनाने, उंचीने आणि ताकदीच्या हौसेने खाल्ले. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची पंधराएक वर्षे नेमके हेच घडले: एंजिने सुधारत गेली, पण नव्या मोटारींचे सरासरी अ‍ॅव्हरेज जागच्या जागी राहिले. आपल्याकडे २०१७ पासून मोटार कंपन्यांना सरासरी इंधनखर्चाचे निकष लागू झाले, आणि २०२२ पासून ते अधिक कडक करण्यात आले.

जुन्या सवयी, नवे एंजिन

यंत्र बदलले, परंतु ते हाकण्याच्या समजुती कार्बोरेटरच्या काळातच राहिल्या. त्यांतील एक समजूत नुसती चुकीची नाही, तर जिवावर बेतणारी आहे. घाटाचा उतार लागला, की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, काही वेळा एंजिनही बंद करायचे आणि 'फुकटात' खाली उतरायचे, ही ती समजूत. कसारा असो, खंबाटकी असो की वरंधा; मुरलेले चालक नव्यांना हे तंत्र कौतुकाने शिकवीत आले आहेत.

जुन्या गाडीत त्याला काही अर्थ होता. कार्बोरेटर असलेले एंजिन उतारावर गिअरमध्ये फिरत असताना मिटलेल्या झडपेमागील ओढीने थोडे पेट्रोल खेचतच राही. आजच्या एंजिनात तसे होत नाही. गाडी गिअरमध्ये आहे, चालकाने अ‍ॅक्सिलरेटर सोडला आहे आणि चाकेच एंजिनाला फिरवीत आहेत, हे संगणकाने ओळखले, की तो इंधनाची फवारणी पूर्णपणे थांबवतो. घाटात गाडी गिअरमध्ये उतरत असेल तेव्हा इंधनखर्च शून्य असतो. तीच गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, तर एंजिन बंद पडू नये म्हणून संगणकाला पुन्हा इंधन फवारावे लागते. म्हणजे बचतीच्या नावाखाली खर्चच वाढतो. अगदी सौम्य, लांबलचक उतारावर हिशेब किंचित निराळा येऊ शकेल. घाटात तो येत नाही.

एंजिनच बंद केले तर? ब्रेकचे पेडल हलके लागते ते सामान्यतः एंजिनाच्या हवानलिकेतील, किंवा डिझेल गाडीत एंजिनावर चालणाऱ्या पंपाने निर्माण केलेल्या, निर्वाताच्या मदतीमुळे. एंजिन बंद झाल्यावर ही मदत दोनतीन वेळा ब्रेक दाबण्यापुरतीच शिल्लक राहते. त्यानंतर पेडल दगडासारखे कठीण होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते, आणि किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंगला कुलूप लागण्याचे भय असते. गिअरमुळे मिळणारा एंजिनाचा अटकाव नसल्याने सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि नेमक्या वळणावर त्यांची पकड सुटते. दहावीस मिलिलिटर इंधनासाठी प्रवाशांचा जीव टांगणीला लावण्याचा हा प्रकार आहे. शासकीय आणि शालेय वाहनांच्या चालकांना ही गोष्ट ज्यांच्या हाताखाली ते काम करतात त्यांनी समजावून सांगितली पाहिजे. चालक ती सहकाऱ्याकडून ऐकण्याची शक्यता कमी, कारण सहकाऱ्यानेच त्याला उलट शिकवलेले असते.

सकाळी गाडी सुरू करून पाच-दहा मिनिटे जागेवरच गरम करण्याची पद्धतही आता कालबाह्य झाली आहे. एंजिन थंड असताना इंधन जास्त लागते हे खरे. पण उभ्या गाडीत ते सावकाश तापते आणि तोवरचे सारे इंधन वाया जाते. वंगण सर्वत्र पोचण्यास अर्धा मिनिट द्यावा आणि पहिले काही किलोमीटर संथपणे चालवावे, हे पुरेसे आहे. उभ्या गाडीचे एंजिन आकारमानानुसार तासाला अर्धा ते एक लिटर इंधन जाळते. साहेब बैठकीत आणि गाडी आवारात एसीसह चालू, हे दृश्य पूर्वी अनेक कार्यालयांत दिसे. ते अद्याप सर्वस्वी दिसेनासे झाले आहे, असे म्हणण्याचे धाडस होत नाही.

गिअरच्या बाबतीत जुन्यांचे म्हणणे खरे ठरते. एंजिन कुंथणार नाही अशा बेताने लवकर वरचा गिअर टाकला, तर तेवढ्याच वेगासाठी ते कमी फेरे घेते, थ्रॉटल झडप अधिक उघडी राहते आणि घर्षण व ओढ या दोन्हींतील नुकसान घटते. पिचकारीचा प्रयोग आठवला, तर बोट थोडे सैल केल्यासारखे हे होते. वेगाच्या बाबतीत मात्र निसर्ग सवलत देत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग ६० वरून ९० वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की हा विरोध सव्वादोनपट होतो. टपावरील रिकामा कॅरिअर त्यात भर घालतो. टायरमधील हवा कमी असेल, तर टायर सतत दबत राहतो आणि त्याच्या रबरात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने मुरते. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना, चालकाच्या दाराजवळ लिहिलेल्या आकड्यानुसार तपासावी. एअर फिल्टर चोंदला की अ‍ॅव्हरेज घसरते, ही समजूत कार्बोरेटरच्या गाड्यांपुरती खरी होती; आता संगणक हवा मोजूनच इंधन देतो, त्यामुळे चोंदलेल्या फिल्टरने गाडीची ताकद कमी होते, अ‍ॅव्हरेज फारसे नाही. तरीही धुळीच्या रस्त्यांवर तो वेळेवर बदलावा, कारण आत गेलेली धूळ सिलिंडर खरवडते.

इंधन वाचवणाऱ्या उपकरणांविषयी येथे दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. पेट्रोलच्या नळीवर बसवायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या, पाण्यापासून वायू तयार करून एंजिनाला पुरवणारे डबे, यांचे विक्रेते गावोगाव फिरतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा शंभराहून अधिक साधनांची वेळोवेळी तपासणी केली. फारच थोड्यांनी किंचित लाभ दाखवला, आणि काहींनी धुरातील प्रदूषण वाढवले. १९९६ साली तामिळनाडूत वनस्पतींपासून पेट्रोल बनवल्याचा दावा देशभर गाजला होता, आणि भल्याभल्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता. पुढे ती फसवणूक ठरली. ग्रामनिधीतून अशी साधने घेण्याचा ठराव मांडला गेला, तर सदस्यांनी तो विचारपूर्वक तपासावा.

इथेनॉलचे मिश्रण

साखर कारखान्यांच्या आसवनीतून येणाऱ्या इथेनॉलमुळे हा विषय महाराष्ट्राच्या शेतीशी जोडला गेला आहे. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. तेव्हापासून अ‍ॅव्हरेज कमी झाल्याची तक्रार ऐकू येते, आणि ती निव्वळ काल्पनिक म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणात त्यामुळे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. या मिश्रणासाठी न बनवलेल्या चारचाकी गाड्यांत अंदाजे तेवढीच घट होईल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही नमूद आहे. दुसरी बाजू अशी, की इथेनॉलचे ऑक्टेन मूल्य पेट्रोलपेक्षा बरेच जास्त असते. एकेकाळी ज्या कामासाठी शिसे वापरले गेले, तेच काम ते विषाशिवाय करते. अशा मिश्रणासाठी संपीडन गुणोत्तर वाढवून एंजिन बनवले, तर गेलेल्यातील काही भाग परत मिळतो. जुन्या गाडीच्या मालकाला हा लाभ होत नाही. आयातीतील बचत देशाची आणि मागणी ऊस व धान्य उत्पादकाची, पण लिटरमागचे कमी किलोमीटर त्याच्या खिशातून जातात. लॉगबुक तपासणाऱ्या अधिकाऱ्याने एवढी घट चालकाच्या माथी मारू नये.

लॉगबुकातील रकाना

शेवटी पुन्हा त्या अ‍ॅव्हरेजच्या आकड्याकडे वळू. हा आकडा बचत मोजण्यास सोयीचा वाटतो, पण तो फसवा आहे. समजा, एका कार्यालयाकडे दोन वाहने आहेत. एक जुनी जीप लिटरला ८ किलोमीटर जाते, दुसरी लहान मोटार २० किलोमीटर. दुरुस्ती आणि काळजीपूर्वक चालवणे यांमुळे जीप १० वर आली, आणि मोटार २५ वर. मोटारीने पाच किलोमीटर कमावले, जीपने दोनच. प्रशस्तिपत्र मोटारीच्या चालकाला मिळेल. आता दोन्ही वाहने महिन्याला हजार किलोमीटर धावतात असे धरून हिशेब करू. जीपला आधी १२५ लिटर लागत होते, आता १०० लागतील. बचत २५ लिटर. मोटारीला आधी ५० लागत होते, आता ४०. बचत १० लिटर. ज्या गाडीची प्रगती आकड्यात लहान दिसली, तिनेच अडीचपट इंधन वाचवले.

हा घोटाळा टाळण्याचा उपाय सोपा आहे. लिटरमागे किलोमीटर लिहिण्याबरोबरच शंभर किलोमीटरला किती लिटर लागले, तेही लिहावे. वरच्या उदाहरणात जीप साडेबारावरून दहावर आली आणि मोटार पाचवरून चारवर, हे मग नजरेसमोरच राहते. दुरुस्तीचे अनुदान एकाच वाहनापुरते उरले असेल, तर ते कोणाला द्यावे हेही त्यावरून ठरवता येते. विज्ञान किंवा गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण व्यस्त प्रमाणाच्या पाठात वापरता येईल.

मोजणी मात्र नीट व्हावी. गाडीच्या काट्यावर विसंबू नये. टाकी काठोकाठ न भरता पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद पडेल तेथवर भरावी, किलोमीटरचा आकडा टिपावा, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर त्याच रीतीने भरून लागलेले लिटर व झालेले अंतर यांचा भागाकार करावा. एका वेळच्या आकड्यात चूक मोठी असू शकते. तीनचार भरण्यांतील एकूण लिटर आणि एकूण अंतर घेतले, म्हणजे ती बरीच कमी होते. गाडी घाटात गेली होती, टायर बदलले, पावसाळ्यात गाडी चिखलाच्या रस्त्यावर होती, अशा नोंदी त्याच ओळीत कराव्यात, म्हणजे पुढे आकडा घसरलेला दिसल्यास त्याचे कारण चालकाला विचारण्यापूर्वी वहीतच शोधता येईल.